शपथ नको, हमी हवी

पर्यावरणाच्या इतिहासात १९७२ हे वर्ष स्टॉकहोमच्या नावाने ओळखले जाते. त्या वर्षीच्या जून महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी मानवी पर्यावरणाविषयीची पहिली जागतिक परिषद स्वीडनच्या राजधानीत भरविली. यजमान देशाचे पंतप्रधान वगळता तिला उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्याचा आणि पर्यावरणाचा विचार एकमेकांपासून तोडून करता येणार नाही, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली आणि ती जगभर गाजली. त्याच १९७२ साली मुंबई महानगरपालिकेने बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराई खाडीच्या काठी, शहराचा कचरा ओतण्यास प्रारंभ केला. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. वरवर पाहता या तीन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु हवामानबदलाच्या प्रश्नावर आज जी राजकीय निष्क्रियता सर्वत्र दिसते, तिचा उलगडा करावयाचा तर तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. राज्यकर्त्यांना काय ठाऊक होते हे पहिली घटना सांगते, ते प्रत्यक्षात काय करीत होते हे दुसरी सांगते, आणि जनतेने मनावर घेतले तर त्यांच्याकडून काय करवून घेता येते हे तिसरी सांगते.

खाडीकाठची ती कचराभूमी पस्तीस वर्षे चालू राहिली. सुमारे वीस हेक्टर जागेवर २३ लाख टनांच्या घरात कचरा साचला आणि त्याचा डोंगर उभा राहिला. खाली भरती-ओहोटीची जमीन, भोवती तिवरांचे बन आणि पलीकडे माणसांची वस्ती अशी ती जागा होती. दुर्गंधी, धूर आणि खाडीत झिरपणारे काळे पाणी यांविरुद्ध रहिवाशांनी तक्रारी केल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर २००७ साली तेथे कचरा टाकणे थांबले. त्यानंतर तो डोंगर शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आला व आत कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा वायू नळ्यांवाटे गोळा करण्याची व्यवस्था झाली. या वायूतील मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता कोंडून ठेवतो. तो हवेत सोडला नाही म्हणून महापालिकेला क्योटो करारातील तरतुदीखाली ‘कार्बन क्रेडिट’ विकता येतील, असे ठरले आणि आशियाई विकास बँकेच्या निधीशी तसा व्यवहारही झाला.

अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने या घटनेचा बारकाईने विचार करावा. जो वायू पस्तीस वर्षे गोराई-बोरिवलीच्या माणसांच्या नाकातोंडात जात होता, त्याला त्या काळात काहीही किंमत नव्हती, कारण ज्यांना तो सोसावा लागत होता त्यांच्या सोसण्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नव्हती. परदेशी खरेदीदार उभा राहिला आणि त्याच वायूला भाव आला. बाजाराने प्रश्न सोडविला असे म्हणणाऱ्यांनी पुढचाही हिशेब पाहावा. गोराईला येणारा कचरा नाहीसा झाला नाही. तो देवनारच्या आणि पुढे कांजूरमार्गच्या वाट्याला गेला. म्हणजे जो घटक आवाज उठवू शकला त्याच्या दारातून कचरा हलला आणि ज्याचा आवाज क्षीण होता त्याच्या दारात जाऊन पडला. ज्या धारावी बेटावर गोराई गाव वसले आहे, त्याच बेटाच्या उत्तर भागात, उत्तनला, मीरा-भाईंदरचा कचरा टाकला जातो आणि तेथील रहिवासी त्याविरुद्ध झगडत आले आहेत. नुकसान कमी होत नाही, त्याची फक्त जागा बदलते, आणि ती नेहमी उताराच्या दिशेनेच बदलते. हवामानबदलाचे राजकारण समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

समुद्राच्या तोंडावरचे गाव

गोराई हे नावापुरते मुंबई आहे. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची ही वस्ती महापालिकेच्या हद्दीत मोडते, पण बोरिवलीहून तेथे जायचे तर खाडी बोटीने ओलांडावी लागते आणि रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तनचा वळसा घ्यावा लागतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, आणि मध्ये शेतीवाडी, विहिरी व कोळीवाडा. एका मुंबईकराच्या वाट्याला येणाऱ्या मोटारी, वातानुकूलन यंत्रे आणि विमानप्रवास यांची सरासरी काढली, तर गोराईच्या मच्छीमाराने तापमानवाढीस लावलेला हातभार नगण्य ठरेल. पण त्या वाढीचा पहिला तडाखा त्यालाच बसणार आहे आणि बसतोही आहे.

आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. गेल्या शतकातील पहिल्या सत्तर वर्षांत ती वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटरने वाढत होती. २००६ ते २०१८ या काळात हा वेग ३.७ मिलिमीटरवर गेला. आकडे मिलिमीटरचे असल्यामुळे शहरी वाचकाला ते क्षुल्लक वाटतात. परंतु समुद्र शांतपणे इंचभर वर चढून थांबत नाही. उधाणाची भरती, मुसळधार पाऊस आणि वादळ एकत्र आले की पूर्वी जेथे पाणी येत नव्हते तेथे ते येते, किनाऱ्याची वाळू ओढून नेते आणि काठच्या विहिरींचे गोडे पाणी मचूळ करू लागते. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या, तीव्रता आणि टिकून राहण्याचा काळ ही तिन्ही अलीकडच्या दशकांत वाढली असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले; वर्ष पुरे होण्याच्या आत, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या किनाऱ्यासमोरून गेले. वादळाची सूचना येते तेव्हा होड्या किनाऱ्याला लागतात आणि त्या दिवसांचे उत्पन्न बुडते. सूचना खरी ठरली तर होडीही जाते.

पावसाचेही तसेच. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. शहराने त्या दिवशी नव्याकोऱ्या भुयारी स्थानकात शिरलेल्या पाण्याची छायाचित्रे पाहिली. किनाऱ्यावरच्या गावांनी वेगळे चित्र पाहिले असणार. १ जूनपासून मासेमारीला बंदी असते. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दिवस हे कोळ्याच्या वर्षाचे शेवटचे कमाईचे दिवस असतात आणि वलांडीवर वाळत घातलेल्या मासळीवर पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात. ती भिजली की तिला भाव राहत नाही. या नुकसानीची छायाचित्रे कोणी छापत नाही, आणि सरकारी पंचनाम्यात तिचा रकाना सहजासहजी सापडत नाही.

आराखडा आहे, सभागृह नव्हते

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. मुंबईत १९८५ साली पूर आला, त्यानंतर पर्जन्यजलवाहिन्यांचा तपशीलवार अभ्यास झाला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल महापालिकेच्या हाती पडला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी व्यवस्था ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा, असे त्यात सांगितले होते. बारा वर्षे तो अहवाल जवळजवळ जसाच्या तसा पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा तो कपाटातून बाहेर आला. तात्पर्य, आपल्याकडे ज्ञानाचा तुटवडा नाही. ज्ञान आणि कृती यांच्यामध्ये जी खाडी आहे तिच्यावर पूल नाही.

१३ मार्च २०२२ रोजी मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. २०१९ साली मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे उत्सर्जन केले, त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा विजेचा व इतर ऊर्जावापराचा आणि सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा, असा हिशेब त्यात मांडला आहे. दस्तऐवज म्हणून तो चांगला आहे आणि तो तयार करणाऱ्यांचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. पण तारखेकडे पाहा. महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. म्हणजे शहराच्या पुढील अठ्ठावीस वर्षांचा आराखडा, शहरात एकही नगरसेवक अधिकारावर नसताना, सहाव्या दिवशी जाहीर झाला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. या काळात आराखड्याच्या एकाही कलमावर सभागृहात चर्चा झाली नाही, एकाही प्रभाग समितीत त्याविषयी प्रश्न विचारला गेला नाही; कारण सभागृहही नव्हते आणि समित्याही नव्हत्या. पुढे २०२४ पासून ‘हवामान अंदाजपत्रक’ही निघू लागले, परंतु त्यात पर्जन्यवाहिन्या आणि मलनिस्सारण अशी नेहमीचीच कामे हवामानाच्या नावे जमा धरलेली दिसतात. विचारणारा कोणी नसला की जुन्या कामांना नवे नाव देणे सोपे जाते.

विचारणारा नसताना प्रत्यक्षात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. आराखडा म्हणतो, सार्वजनिक वाहतूक वाढवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना पथकर माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेल्या बेस्टच्या गाड्या २०२५ साली तीन हजारांच्याही खाली आल्या होत्या. मोटारवाल्याला माफी आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्या कामगारावर दुप्पट भाडे, हे ज्या सरकारचे धोरण आहे, त्याने हवामान कृतीची भाषा बोलावी ही विसंगती म्हणावी की चेष्टा? दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे झाले असतील. पण दोन्हींची दिशा एक आहे आणि अर्थनीती दिशेवरून ओळखायची असते.

गोराईच्या दारात हीच विसंगती मूर्त रूपात उभी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच आघात ठरविला. वादळाच्या लाटांचा जोर मोडणारी, भरतीचे पाणी मुरविणारी, मासळीच्या पिलांना आसरा देणारी आणि चिखलात कार्बन साठवून ठेवणारी ही झाडे म्हणजे किनाऱ्याची तटबंदी आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने गोराईलाच कांदळवन उद्यानाचा प्रकल्प हाती घेतला. हेतू असा की, लोकांनी यावे, लाकडी वाटेवरून हिंडावे आणि तिवरांचे महत्त्व समजून घ्यावे. आणि त्याच परिसरातून, चारकोप-गोराई-दहिसर अशा खाडीकाठाने, वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा सागरी किनारा मार्ग आखलेला आहे. त्यासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळझाडे तोडण्याची मुभा डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेला दिली. भरपाई म्हणून अन्यत्र रोपे लावण्याची तजवीज आहे. पण गोराईच्या किनाऱ्याची तटबंदी अन्यत्र लावून भागत नाही, ही साधी गोष्ट कोणत्याही कोळ्याला विचारली असती तर त्याने सांगितली असती. एका बाजूला जनजागृतीचे फलक आणि दुसऱ्या बाजूला करवत, असा हा कारभार आहे.

निष्क्रियतेचे अर्थशास्त्र

राज्यकर्ते हवामानाच्या प्रश्नावर निष्क्रिय आहेत, असे आपण म्हणतो. नीट पाहिले तर ते निष्क्रिय मुळीच नाहीत. रस्ते, मनोरे आणि भराव यांच्या बाबतीत त्यांच्या क्रियाशीलतेला तोड नाही. निष्क्रियता निवडक आहे आणि तिचे कारण शोधण्यासाठी कोणाच्या स्वभावात डोकावण्याची गरज नाही. रस्त्याचा लाभ आज होतो, ठरावीक लोकांना होतो आणि त्याचा कंत्राटदार, त्याचा फलक, त्याचे उद्घाटन हे सारे पाच वर्षांच्या मुदतीत बसते. हवामानाचे नुकसान सावकाश होते, विखुरलेल्या लोकांचे होते आणि त्याची जबाबदारी कोणा एकावर निश्चित करता येत नाही. ज्याचे नुकसान होते त्याची संघटना नाही. ज्याचा फायदा होतो त्याची आहे. अशा स्थितीत सत्ता कोठे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, तापमानवाढ श्रीमंत देशांनी केली, मग किंमत आपण का मोजावी? हा आक्षेप न्याय्य आहे. भारतीय माणसाचे सरासरी उत्सर्जन अमेरिकी माणसाच्या साधारण सातव्या हिश्श्याइतके आहे आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेण्याचा आदेश काढला. जागतिक व्यासपीठावर भारताने न्यायाची मागणी केलीच पाहिजे. परंतु दरडोई न्यायाचे जे तत्त्व आपण जिनिव्हात आणि ग्लासगोत मांडतो, ते चर्चगेट ते गोराई या अंतरातही लागू होते की नाही? ज्याच्या घरी तीन मोटारी आहेत त्याचे उत्सर्जन गोराईच्या कोळणीच्या उत्सर्जनात मिसळून एक सरासरी काढायची आणि त्या सरासरीच्या आडोशाला श्रीमंताने उभे राहायचे, ही राष्ट्रहिताची भाषा नव्हे. गरिबांच्या गरिबीचा ढालीसारखा वापर करण्याची ती युक्ती आहे.

दुसरा आक्षेप असा की, विकास नको काय? उपनगरातल्या माणसाने लोकलच्या दाराला लोंबकळतच राहायचे काय? नाही. त्यालाच उत्तम वाहतूक मिळाली पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे. पण लोकलच्या दाराला लोंबकळणारा माणूस सागरी मार्गावरून मोटार हाकीत जाणार नाही. त्याच पैशात किती बसगाड्या, किती लोकल फेऱ्या, किती जलवाहतूक उभी राहिली असती याचा तुलनात्मक हिशेब जनतेपुढे मांडला गेला, असे घडलेले नाही. विकासाला विरोध आणि विकासाचा हिशेब मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच भासविण्यात राज्यकर्त्यांचा फायदा असतो.

दुःखाची गोष्ट अशी की, डाव्या व समाजवादी पक्षांनीही दीर्घकाळ पर्यावरण हा सुखवस्तू लोकांचा छंद मानला. कामगाराला आधी भाकरी, मग झाड, असा तो हिशेब होता. पण उन्हात राबणाऱ्या बांधकाम मजुराला तापमान हा भाकरीचाच प्रश्न आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्कार समारंभासाठी उघड्या मैदानात बसलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. मंडप मान्यवरांसाठी होता, ऊन लोकांसाठी होते. त्या एका दृश्यात हवामानबदलाचे सारे वर्गीय चित्र सामावलेले आहे.

जागृती कशाला म्हणावे?

हवामानबदलावर ‘जनजागृती हवी’ असे आता सारेच म्हणतात. मंत्री म्हणतात, कारखानदार म्हणतात, शाळांतून चित्रकला स्पर्धा होतात, संकेतस्थळावर वसुंधरेची शपथ घेतली की प्रमाणपत्र मिळते. या जागृतीला कोणाचाही विरोध नाही, आणि नेमकी हीच तिची उणीव आहे. प्लास्टिकची पिशवी नाकारणे चांगलेच. पण नागरिकाला त्याच्या पिशवीबद्दल अपराधी वाटायला लावायचे आणि हजारो झाडे तोडण्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे घ्यायचा, अशा व्यवहाराला प्रबोधन म्हणता येणार नाही. महाराष्ट्राला खऱ्या लोकजागृतीचा अनुभव आहे आणि तो १९७२ च्या तिसऱ्या घटनेत आहे.

त्या दुष्काळात खेड्यापाड्यांतील माणसे खडी फोडण्याच्या कामावर आली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी नसून आपला हक्क आहे, हे त्या कामांवर लोक शिकले. मजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले, समाजवादी, साम्यवादी आणि शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते त्यांत उतरले, आणि विधिमंडळात वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने त्या मागणीला योजनेचे रूप दिले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून आलेला तो पैसा ग्रामीण मजुराच्या हमीसाठी वापरला गेला. शहराने खेड्याचे देणे कायद्याने फेडावे, हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले. देशाने त्याच धर्तीवर कायदा करायला २००५ साल उजाडावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आणला. यातून एवढाच बोध घ्यायचा की, हमी मिळवावी लागते तशी ती राखावीही लागते.

जागृतीचा अर्थ हा असा आहे. आपल्या दुःखाचे कारण नशीब नसून व्यवस्था आहे हे उमगणे, त्या दुःखाला हक्काची भाषा देणे, हक्काचा कायदा करवून घेणे आणि त्या कायद्याचा खर्च कोणी सोसायचा हेही ठरविणे. या चार पायऱ्या चढल्याशिवाय जागृती पुरी होत नाही. हवामानाच्या प्रश्नावर आपण अद्याप पहिल्याच पायरीवर रेंगाळत आहोत. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या कलमांत अंतर्भूत असल्याचे मान्य केले आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे. त्याला हमीचे रूप देणारा कायदा नाही.

महाराष्ट्राने हवामान हमीचा कायदा करावा, ही मागणी आता समाजवादी चळवळीने हाती घेतली पाहिजे. तिचा आशय सांगणे अवघड नाही. वादळाच्या सूचनेमुळे समुद्रात जाता आले नाही किंवा अवकाळी पावसाने मासळी, मीठ, पीक बुडाले, तर ठरलेल्या दिवसांत ठरलेली भरपाई हक्काने मिळावी; त्यासाठी मंत्र्याच्या दौऱ्याची वाट पाहावी लागू नये. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की उघड्यावरचे काम थांबावे आणि त्या तासांची मजुरी बुडू नये. कांदळवन, पाणथळ, गावकिनारा यांचा वापर बदलण्यापूर्वी तेथील लोकांच्या सभेची संमती घ्यावी. खर्चासाठी मोठ्या मोटारींवर, शहराच्या मध्यभागी मोटार उभी करण्यावर आणि वाढीव चटईक्षेत्राच्या अधिमूल्यावर कर बसवावा. व्यवसाय कराने पन्नास वर्षांपूर्वी जे तत्त्व मान्य केले, त्याचाच हा पुढचा टप्पा होय.

यासाठी नवी यंत्रणा उभी करण्याचीही गरज नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्राने २००९ साली शहरांतील क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली. ग्रामसभेसारखी मोहल्ल्याची सभा भरावी, असा तिचा हेतू होता, परंतु ती कागदावरच राहिली. आता मुंबईला पुन्हा निर्वाचित सभागृह मिळाले आहे. निवडणुकीच्या प्रचारात आघाड्या, भाषा आणि धर्म यांचाच गलबला अधिक होता. तो ओसरला असेल तर नव्या नगरसेवकांना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की, तुमच्या गैरहजेरीत प्रसिद्ध झालेला हवामान आराखडा तुम्ही सभागृहात केव्हा मांडणार? आणि दुसरा प्रश्न असा की, तुमच्या प्रभागापुरता त्याचा हिशेब, म्हणजे किती झाडे गेली, किती बसगाड्या कमी झाल्या, किती खर्च कोणत्या कामावर झाला, हा मराठीत छापून क्षेत्रसभेपुढे केव्हा ठेवणार?

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि वाचनालयांनी या कामाला आजच प्रारंभ करता येईल. उधाणाचे पाणी कोठवर आले याची खूण दरवर्षी करणे, विहिरींच्या पाण्याची चव आणि पातळी नोंदवून ठेवणे, बुडालेल्या दिवसांची वही ठेवणे, या गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. समुद्राविषयी गोराईच्या म्हाताऱ्या कोळ्याला जे ठाऊक आहे ते पुष्कळ अहवालांत नाही. ते लिहून काढले आणि अहवालातले त्याला समजावून सांगितले, तर दोन्ही ज्ञाने एकमेकांना बळ देतील. रोजगार हमीच्या चळवळीत हजेरीपत्रक हे मजुराचे हत्यार ठरले होते. हवामानाच्या लढ्यात ही वही तेच काम करील, कारण ज्या नुकसानीची नोंद नाही तिची भरपाई कोणतेही सरकार देत नाही.

गोराईच्या लोकांना लढण्याचा अनुभव नवा नाही. कचराभूमी बंद करविण्यासाठी खाडीकाठचे रहिवासी झगडले आणि जिंकले. या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई-मनोरी-उत्तनच्या जमिनींवर विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला, तेव्हा धारावी बेटावरचे सर्व धर्मांचे व जातींचे लोक एकत्र उभे राहिले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. मात्र ते दोन्ही लढे दारात आलेल्या शत्रूविरुद्ध होते. या वेळी नुकसान मिलिमीटरने येत आहे आणि त्याला कारणीभूत असलेले निर्णय खाडीपलीकडच्या कचेऱ्यांत होत आहेत. म्हणून हा लढा गोराईने एकटीने लढायचा नाही. बसच्या रांगेतला कामगार, उन्हातला मजूर, अवकाळीने नागवलेला शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी यांची ती एकजुटीची मागणी झाली पाहिजे. वसुंधरेची शपथ सरकारने खुशाल घ्यावी. जनतेने मात्र त्याच्याकडून हमी मागावी, आणि ती कायद्याच्या भाषेत मागावी.